डावीकडे कललेले टाके

लग्नकार्यात माझ्या शेजारची खुर्ची सहसा रिकामी राहते. नात्यातल्या बायकांना माझी खोड माहीत झालीय. गप्पा मारता मारता मी त्यांची पर्स मांडीवरून अलगद उचलते, उलटी करते, चेन अर्धी उघडून अस्तराला बोट लावते आणि काही न बोलता परत ठेवते. ते न बोलणंच त्यांना झोंबतं. एका चुलत जावेने मला तोंडावर विचारलं होतं, "काय ते एकदा सांगून टाका ना वहिनी, जीव टांगणीला कशाला लावता?" मी सांगून टाकलं. त्यानंतर तिच्याकडून येणारा दिवाळीचा डबा बंद झाला.

तसं पाहिलं तर हा माझा नाही, कामाचा दोष आहे. मी आयुष्यभर पर्स तपासल्या. आधी चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत, परदेशी कंपन्यांसाठी लेदरच्या पर्स बनवणाऱ्या एका कारखान्यात. आणि नंतर शोळिंगनल्लूरला, वापरलेल्या महागड्या पर्स विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या एका कंपनीत. पहिल्या ठिकाणी माल चांगला आहे का ते बघायचं, दुसऱ्या ठिकाणी खरा आहे का ते. दोन्हीकडे सुरुवात एकच. समोरची वस्तू आणि ती आणणारा माणूस आपल्यापासून काहीतरी लपवतोय असं धरून चालायचं. आमचे हे रेल्वेत होते, स्वभावाने अगदी भोळे. ते म्हणायचे, "जावई बघायला तुला एकटीलाच पाठवायला हवं होतं. उलटा करून अस्तर बघितलं असतंस."

लग्न होऊन कराडहून चेन्नईत वेस्ट मांबलमला आले तेव्हा मला तमिळचा गंध नव्हता. कारखान्यातल्या बायकांत राहून बोलायला शिकले, भांडायलाही शिकले. लिहायला-वाचायला मात्र शिकले नाही. बस मी अजून आकड्यावरून ओळखते. याची लाज वाटायला हवी, पण इतक्या वर्षांत कुठे अडलं नव्हतं.

शोळिंगनल्लूरचं ऑफिस म्हणजे काचेच्या इमारतीतला चौथा मजला, वर-खाली सगळीकडे सॉफ्टवेअरवाले. आमचं दुकान असं नव्हतंच, सगळी खरेदी-विक्री मोबाइलवर. चालवणारा निनाद पुण्याचा, माझ्या मुलाच्या वयाचा, मला काकू म्हणायचा. माझ्या टेबलावर एक पांढरा कागद अंथरलेला असे, वर दिवा, हाताशी भिंग आणि फूटपट्टी. पर्स आली की आधी डोळे मिटून वास घ्यायचा. मग हातात धरून वजन, मग अस्तर, मग आत दाबलेली अक्षरं, मग चेन आणि कड्या. टाके सगळ्यात शेवटी बघायचे, कारण नकली माल बनवणारे बाकी सगळं उचलतात आणि टाक्यात आळस करतात. हे मी निनादला इतक्या वेळा सांगितलं की तो पाहुण्यांना माझी ओळख करून देताना तेच वाक्य माझ्याआधी म्हणून टाकायचा.

लोकांना वाटतं नकली पर्स म्हणजे रस्त्यावर चादर अंथरून विकतात ती. ती गरीब बिचारी ओळखूच येते, तिच्यावरचं नावसुद्धा चुकलेलं असतं. खरी डोकेदुखी 'फर्स्ट कॉपी'ची. ती आणणाऱ्याची गोष्ट दरवेळी एकच: त्याच कारखान्यातला माल आहे मॅडम, फक्त मागच्या दाराने आलाय. मी पुढच्या दाराशी अनेक वर्षं बसलेली बाई. मागच्या दाराने काय जातं ते मला ठाऊक आहे, कापलेल्या लेदरचे तुकडे आणि जेवणाचे डबे.

एक गृहस्थ लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला दिलेली पर्स घेऊन, तिला बाहेर बसवून, एकटेच आत आले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, ती खोटी आहे हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त तिच्यासमोर खरी म्हणा." मी नाही म्हटलं. मग बायको आत आली आणि नवऱ्याला पाणी आणायला पाठवून मला हळूच म्हणाली, "खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही त्यांना सांगू नका." त्या दोघांचा संसार चांगला चालला असेल अशी माझी खात्री आहे. मी मात्र अहवालात 'नकली' असं लिहून मोकळी झाले.

याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर प्राजक्ता नावाची नागपूरची मुलगी काम करायची. डबा खायला माझ्याकडे यायची. तिच्या खांद्यावर एक पर्स होती, घाट हुबेहूब एका नामवंत फ्रेंच पर्सचा, पण वर कुणाचंच नाव नाही. पहिल्याच दिवशी मी हात पुढे केला.

"काकू, तपासू नका. डुप आहे," ती हसत म्हणाली. आजकालच्या मुली दिसायला तशीच पण स्वस्त वस्तू असली की तिला डुप म्हणतात.

"नक्कल ती नक्कलच."

"नक्कल कशी? तिने कुठे सांगितलंय की मी फ्रान्सची आहे? इथल्याच लेदरची, इथल्याच माणसाने शिवलेली. तुमच्या गुम्मिडिपूंडीच्या बायका जे शिवायच्या त्यावर परदेशात शिक्का बसला की किंमत कुठल्या कुठे जायची ना? मग खरं काय, शिक्का की शिवण?"

मी तिला गप्प केलं, पण मनातून ते पटलं होतं. दुसऱ्याचं नाव लावून मिरवणं ही लबाडी. घाट उचलणं म्हणजे शेजारणीच्या साडीसारखी साडी घेणं, त्यावरून भांडण होईल, गुन्हा होणार नाही. आणि शिक्क्याबद्दल तर मला बोलायलाच नको. आमच्या हातची पर्स बाहेर जाऊन कुठल्या नावाने विकली जाते हे आम्हाला कधी सांगितलं गेलं नाही. तरी मी प्राजक्ताची पर्स उचलून टाके बघितलेच. उजवीकडे कललेले, एका रांगेत. चांगलं काम होतं.

आता हे कलणं काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मशीनचा टाका सरळ पडतो, हाताचा टाका तिरका. कारागीर दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतो, आरीने लेदरला भोक पाडतो आणि त्याच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून ओढून घेतो. आरीचं टोक चपटं असतं, त्यामुळे भोक तिरकं पडतं आणि टाकाही त्याच अंगाने कलतो. उजव्या हातात आरी असली की सगळे टाके उजवीकडे कलतात. डाव्या हातात असली की डावीकडे.

हे मला सेल्वीमुळे कळलं. कारखान्यात नवीन लागलेली ही मुलगी डावखुरी होती आणि तिच्याइतका स्वच्छ हात मी नंतर पाहिला नाही. पण खरेदीदाराने पाठवलेल्या नमुन्यात टाके उजवीकडे कललेले होते. सेल्वीने शिवलेले पर्सचे सगळे बंद मी परत पाठवले. ती माझ्या टेबलाशी येऊन तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, ओढून बघा. एक जरी टाका सुटला तर मला काढून टाका."

मी ओढून बघितलं. एकही सुटला नाही.

"मजबुतीचा प्रश्न नाही सेल्वी. नमुन्यासारखं दिसलं पाहिजे. उजव्या हाताने शिक."

आठ दिवस तिने उजव्या हाताने प्रयत्न केला. दोनदा आरी बोटात घुसली. मग मी तिला चिकटवण्याच्या टेबलावर पाठवलं, तिथे कुठलाही हात चालतो. त्या वर्षी खरेदीदाराच्या माणसाने आमच्या मालाचं फार कौतुक केलं, एकसारखेपणाचं खास, आणि मी घरी येऊन ते ह्यांना दोनदा ऐकवलं. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली, की डाव्या हाताचा टाका तपासणाऱ्याच्या टेबलावरून पुढे जात नाही. जगात कुठेही जात नाही.

वैदेही आमच्या ऑफिसला आली ती पोंगल नुकताच झाला होता तेव्हा. परदेशात नोकरी करणारी, चाळिशीची तमिळ बाई. आई महिन्यापूर्वी गेली होती, घर आवरायला आली होती. वडील होते, थकलेले. सोबत साठीच्या आसपासची एक बाई, साधी सुती साडी, छातीशी एक खोकं धरलेलं.

"या कमलाबाई," वैदेही म्हणाली. "बारा वर्षं यांनीच अम्माचं सगळं केलं. आता अप्पांनाही याच बघणार."

खोक्यात एक पर्स होती, काळी, मध्यम आकाराची. वैदेहीने पहिल्या मोठ्या पगारातून पॅरिसच्या दुकानात स्वतः घेतलेली, आईसाठी. आईने ती दोन-तीनदा डिसेंबरच्या संगीत सभांना नेली आणि मग कपाटात ठेवून दिली. कपाटाची आणि घराची किल्ली कमलाबाईंकडे असायची. वैदेहीने बिलही आणलं होतं. "मला ही बघवत नाही," ती म्हणाली. "कुणीतरी वापरावी एवढंच."

मी वास घेतला. बरोबर. वजन बरोबर. अस्तर, अक्षरं, कड्या, सगळं बरोबर. आत एका कोपऱ्यात कारागिराची लहानशी खूण होती, दोन अक्षरं आणि त्याखाली एक टिंब. त्या कंपनीत प्रत्येक कारागीर अशी आपली खूण दाबतो. तीही ठीक होती. मग मी दिव्याखाली पर्सचा बंद धरला आणि भिंग लावलं. टाके डावीकडे कललेले होते. सगळे. दुसरा बंद बघितला, तोही तसाच.

माझ्या मनात तेव्हा काय झालं ते मी लपवत नाही. मला आनंद झाला. बाकी सगळं इतकं बेमालूम करून चोर एका जागी सापडला होता, आणि तो सापडावा तर माझ्याच डोळ्यांना. बिल मी पुन्हा बघितलं, ते अस्सल होतं. आमच्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे: खरं बिल ठेवायचं, पर्स बदलायची.

माझं काम एवढंच होतं की खरी का खोटी ते सांगायचं. मी तिथे थांबले नाही. मी म्हटलं, "बिल खरं आहे. म्हणजे तुम्ही खरी पर्स घेतली होती. ही ती नाही. घरात कुणीतरी बदललेली आहे."

वैदेहीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने मान वळवली नाही, पण तिची नजर हळूहळू कमलाबाईंकडे गेली. तेवढ्यात नेमका आमच्या ह्यांचा फोन आला, दूध उतू गेलंय, गॅस कसा बंद करू असलं काहीतरी. मी मराठीत दोन वाक्यं बोलून ठेवला. कमलाबाईंनी ते ऐकलं आणि एक पाऊल पुढे आल्या.

"बाई, तुम्ही मराठी?" त्या म्हणाल्या. "आम्हीही मराठीच. तंजावरचे. आणखी एकदां पाहा बाई. मी तें बदललें नाहीं. मामीच्या कपाटांतलें अस्की मी जपलें, अस्की." मामी म्हणजे वैदेहीची आई, आणि सगळं म्हणायला त्यांच्याकडे अस्की म्हणतात. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून टिकलेली ती मराठी, तमिळच्या हेलात, मला कधीतरी बाजारात ऐकू आली तर मी कौतुकाने थांबून ऐकत असे.

त्या दिवशी मला वेगळंच वाटलं. ही मराठी काढून ओळख लावतेय. इतका वेळ वैदेहीशी तमिळ बोलत होती, अडचणीत आल्यावर मराठी आठवली. निर्दोष माणूस असं करत नाही, असं माझ्या मनाने मला सांगितलं आणि मी ते मानलं. मी त्यांना तमिळमध्येच उत्तर दिलं, "मी एकदाच बघते, अम्मा. नीट बघते."

वैदेहीने फक्त हात पुढे केला. कमलाबाईंनी कमरेची किल्ली सोडली. ती वैदेहीच्या हातात न देता त्यांनी माझ्या टेबलावर, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि त्या दारातून बाहेर गेल्या. खोकं तिथेच राहिलं, ते नंतर वैदेहीने उचललं. मी अहवालात लिहिलं, 'नकली, टाके उलटे', फोटो काढून संगणकात ठेवले आणि जेवायला गेले. प्राजक्ताला सगळी हकिगत रंगवून सांगितली.

"पण काकू, एकाच गोष्टीवरून?" ती म्हणाली.

"एक पुरते," मी म्हटलं. खरंच तसं वाटत होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी बेंगळुरूहून एक पर्स तपासायला आली, त्याच कंपनीची, वेगळ्या रंगाची. सोबत कंपनीच्याच दुरुस्ती विभागाचा कागद होता. कुलूप बिघडलं होतं, ते बदलून दिल्याचा. हे कागद मी नेहमी आदराने हाताळते, कारण ती कंपनी नकली पर्सला हात लावत नाही. कागद असला की प्रश्न मिटला. तरी सवयीने मी बंदाला भिंग लावलं.

टाके डावीकडे कललेले होते.

मी पर्स खाली ठेवली, पाणी प्यायले, पुन्हा उचलली. आत कोपऱ्यात खूण होती, दोन अक्षरं आणि खाली टिंब. मी संगणकात वैदेहीच्या पर्सचे फोटो उघडले. घाईत दोनदा चुकीचं पान उघडलं. तीच दोन अक्षरं. तेच टिंब. एकाच माणसाने किंवा बाईने केलेलं काम, आणि कंपनीने दुरुस्त करताना ते आपलं म्हणून मान्य केलेलं.

तिकडे फ्रान्समध्ये कुठेतरी एक डावखुरा कारागीर होता, आणि त्याच्या मुकादमाने त्याला चिकटवण्याच्या टेबलावर पाठवलं नव्हतं. एवढी साधी शक्यता माझ्या डोक्यात आली नाही, कारण मी पाठवलं होतं. मला सेल्वीचा फार राग आला, का ते सांगता येणार नाही. मग स्वतःचा आला आणि तो गेला नाही.

निनादला सांगितलं. तो घाबरला, पण सावरून म्हणाला, "काकू, आपल्या प्रत्येक अहवालाखाली लिहिलेलं असतं की हे केवळ मत आहे. आता जुनं उकरून काढू नका. कंपनीच्या कागदावर तर काही लिहून देऊच नका."

"बदललेली आहे हे अहवालात नव्हतं, निनाद. ते मी तोंडाने बोलले."

"मग ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्याशी साहेबासारखा बोलला. मी त्याच महिन्यात काम सोडलं, गुडघे दुखतात असं कारण देऊन. गुडघे दुखतातही.

वैदेहीचा परदेशातला नंबर फाइलमध्ये होता. मी फोन लावून सगळं सांगितलं. पर्स तिने चेन्नईतून निघताना विमानतळाजवळच्या हॉटेलच्या खोलीत टाकून दिली होती. "कमलाने अम्माच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, शपथ कुणीही घेतं. अप्पांसाठी दुसरी बाई ठेवली. ते तिला शेवटपर्यंत कमला म्हणूनच हाक मारत राहिले." मग म्हणाली, "तुम्ही जाऊन सांगा. माझ्यात धाडस नाही." कमलाबाईंचा पत्ता तिने पाठवला. वेस्ट मांबलमचाच होता, माझ्या घरापासून तीन रस्ते सोडून. दोन वर्षं आम्ही बहुतेक एकाच भाजीवाल्याकडून टोमॅटो घेत होतो.

मी एका कागदावर मराठीत लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तिन्ही वेळा मी त्यात धंदा समजावत बसले होते, आरी कशी असते वगैरे. चौथ्या वेळी पाच ओळी झाल्या. खाली सही केली आणि सकाळी दहाच्या सुमाराला गेले.

दोन खोल्यांचं घर. कमलाबाई दाराशी बसून शेवग्याच्या शेंगांचे तुकडे करत होत्या, आत सून गोमती कपडे घडी करत होती. त्यांनी मला लगेच ओळखलं. उठल्या नाहीत, या असंही म्हटलं नाही. विळी बाजूला सारली आणि बघत राहिल्या.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "कमलाबाई, ती पर्स खरी होती. माझी चूक झाली. मी लिहून आणलंय." आणि कागद पुढे केला.

त्यांनी तो घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, परत दिला. "हें मला वाचायस येत नाहीं," त्या म्हणाल्या. "आम्ही बोलतों मराठी. लिहितों तमिळ. तुम्हीच वाचा."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग त्या दाराशी, रस्त्यावरून येणारी-जाणारी माणसं बघत असताना, मी माझा कागद मोठ्याने वाचला. "मी असं लिहून देते की मी त्या दिवशी तपासलेली पर्स अस्सल होती. ती बदललेली नव्हती. कमलाबाईंवर आलेला आळ माझ्या चुकीमुळे आला. त्या निर्दोष आहेत."

"मधलें तें पुन्हां वाचा," त्या म्हणाल्या.

"ती बदललेली नव्हती."

"पुन्हां."

मी पुन्हा वाचलं. गोमती दारात येऊन उभी राहिली होती. कमलाबाईंचे डोळे कोरडेच होते. माझे नव्हते, आणि त्यांनी ते पाहिलंही. मग त्या शांतपणे बोलू लागल्या. म्हातारी माणसं सांभाळण्याचं काम शब्दावर मिळतं. एका घराने दुसऱ्या घराला सांगायचं, कमला चांगली आहे. वैदेहीच्या घराने उलट सांगितलं. त्या गल्लीत आणि पुढच्या दोन गल्ल्यांत कुणी दार उघडलं नाही. मुलाने एकदाच विचारलं, अम्मा, खरंच नाही ना घेतलीस? "तो एकदांच विचारला," त्या म्हणाल्या. "मी त्याला जेवायस वाढत होतें."

मी माफी मागितली, ती त्यांनी घेतली की नाही कळलं नाही. "परवायिल्लै," असू दे, एवढं म्हणाल्या, आणि ते तमिळमध्ये म्हणाल्या. मग एकदम व्यवहाराला लागल्या.

"हें तमिळींत पाहिजे. त्या गल्लींत हा मराठी कागद कोण वाचेल? मला घरोघर नेऊन दाखवायचा आहे."

"मला तमिळ लिहिता येत नाही."

"किती वर्षें होलीं हिंगे येऊन?"

इथे येऊन किती वर्षं झाली ते मी सांगितलं. त्या प्रथमच किंचित हसल्या.

गोमतीने वहीतलं पान फाडलं आणि लिहायला बसली. कमलाबाई सांगत होत्या, ती लिहीत होती. त्या इतक्या भराभर आणि हळू आवाजात बोलत होत्या की मला अर्धंच कळलं. माझ्या पाच ओळी होत्या. गोमतीचं पान भरलं, मागची बाजू अर्धी झाली. जे सांगितलं त्यात आणखी काय काय होतं, मी कोण म्हणून लिहिलं होतं, मला पत्ता नव्हता. लिहून झाल्यावर गोमतीने पान माझ्यासमोर धरलं आणि पेन दिलं.

मी, जी दुकानदाराच्या बिलावरची बेरीज पुन्हा करते, डॉक्टरचं औषध घरी आणून डबीवरचं नाव भिंगातून बघते, ती त्या गोल गोल अक्षरांकडे बघत बसले. एकही ओळखीचं नव्हतं.

"वाचून दाखवूं काय?" कमलाबाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं आणि खाली सही केली.

त्यांनी पान उचललं. दाराशी उजेडात नेलं, डोळ्यांजवळ धरलं, माझ्या मराठी कागदावरची सही शेजारी लावली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग परत येऊन पान माझ्यापुढे ठेवलं आणि खालच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"हात कांपला तुमचा. दोन्हीं सही एक दिसत नाहींत. कोणी खोटी म्हणेल. आणखी एकदां करा."

मी पुन्हा सही केली, सावकाश, बँकेत करतात तशी. त्या पुन्हा उजेडात गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी बराच वेळ ते दोन कागद पाहिले. शेवग्याचे तुकडे तसेच पडले होते. तिथे टेबल नव्हतं, तरी या वेळी टेबलाच्या पलीकडे मी उभी होते, निकालाची वाट बघत.

"बेष आहे," शेवटी कमलाबाई म्हणाल्या, आणि कागद घडी करून त्यांनी कमरेला, जिथे एकेकाळी किल्ली असायची तिथे, खोचून ठेवला.